माणिकबाईच्या ओट्याचा नंबर

अमरावतीहून चांदूर रेल्वेच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला टेकडीवर चढत गेलेली एक वस्ती दिसते. तिचं नाव मोरटेकडी. मोर कधी होते ते कोणालाच ठाऊक नाही; आता आहेत ती चौसष्ट घरं, बहुतेक माळ्यांची, आणि त्यांच्या बकऱ्या. सगळ्यांत वरच्या ओळीत, जिथे रिक्षावाला सरळ नाही म्हणतो आणि पाहुणा दम खात दोनदा थांबतो, तिथे माणिकबाईचं घर आहे. घरात सांगण्यासारखं काही नाही. दोन खोल्या, वर टिनपत्रे, दारात तुळस. पण घरासमोर ओटा आहे, आणि माणिकबाईचं निम्मं आयुष्य त्या ओट्यावर गेलं आहे.

सकाळी तिचा नवरा भगवंत खालच्या मळ्यातून माल तोडून आणतो. वांगी, भेदरं, म्हणजे शहरातले लोक ज्यांना टमाटे म्हणतात ती, सांबार, म्हणजे त्यांची कोथिंबीर, मोगऱ्याच्या कळ्या, दसऱ्याच्या सुमारास झेंडू. तो माल ओट्यावर ओतायचा आणि माणिकबाईनं निवडायचा. निवडण्यात तिचा हात धरणारं टेकडीवर कोणी नाही. पाच ढीग पडतात. एक नंबरचा माल अंबादेवीच्या रस्त्यावर तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना, दोन नंबरचा खानावळवाल्यांना, तीन नंबरचा घरच्या भाजीला, चार नंबरचा बकऱ्यांना, आणि पाच नंबरचा उकिरड्यावर. बकरीसुद्धा पाच नंबराचा नुसता वास घेते आणि तोंड फिरवते.

चाळीस-बेचाळीस वर्षं हेच केल्यावर माणसाच्या डोक्यातही पाच ढीग पडून जातात. नवीन मिक्सर आला, तीन नंबरचा. अकोल्याला दिलेली लेक साधना, एक नंबर. तिचा नवरा दोन नंबर, पण टिकाऊ. हे ती जावयाच्या तोंडावर म्हणाली होती आणि जावई बिचारा हसला होता. भगवंताला मात्र तिनं आजवर नंबर दिला नव्हता. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "तो माल वापस करता येत नाही बापा. मंग नंबर कायले द्या?"

भगवंत एकाहत्तर वर्षांचा, कानानं जड. साधनानं त्याला दोनदा मोबाइल घेऊन दिला आणि दोन्ही वेळा तो विहिरीत पडला. पहिला त्यानं काढला. दुसऱ्या वेळी वरूनच त्याच्याकडे पाहून हात जोडले आणि मोगऱ्याला पाणी द्यायला निघून गेला. त्याला फोनची गरजच नव्हती. टेकडीवर ओट्याच्या कडेला तार बांधलेली होती आणि मळ्यातून ती तार दिसत होती. तारेवर लाल लुगडं आलं की जेवायला या. पांढरं धोतर आलं की पाहुणा आला. धोतर दुमडून टाकलेलं असलं तर पाहुणा एकटा. पूर्ण उघडून टाकलेलं असलं तर पंगत आहे, येताना भाजी त्या मानानं आणा. लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरलेली ही रीत बेचाळीस वर्षं बिनतक्रार चालली होती.

आणि वरून माणिकबाईला तो दिसायचा. डोक्याला बांधलेला पांढरा दुपट्टा, म्हणजे हिरव्यात हलणारा एक पांढरा ठिपका. हा ठिपका वाफ्यात वाकला, विहिरीकडे गेला, बांधावर बसला, सगळं तिला समजायचं. कडुनिंबाखाली आडवा झाला म्हणजे झोप. दोन वर्षांमागे वैशाखात तो ठिपका भर उन्हात, सावलीपासून चांगला पन्नास पावलं दूर, आडवा झाला. माणिकबाई चपला न घालता उतार उतरली. डॉक्टर नंतर म्हणाले, अर्ध्या तासाचा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. तेव्हापासून भाकरी थापतानासुद्धा तिचं तोंड दाराकडे असतं.

तर अशा ह्या ओट्याच्या आणि मळ्याच्या मध्ये जी पडीक जमीन होती, ती बाहेरच्या एका कंपनीनं घेतली. सात-सात मजल्यांच्या चार इमारती बांधायचं ठरलं आणि त्या वसाहतीचं नाव ठेवलं 'निसर्गदर्शन'. टेकडीवरच्यांचं निसर्गदर्शन बंद होणार, ही गोष्ट पाटी रंगवणाऱ्याच्या ध्यानात आली नसावी. पण मंजुरी देणाऱ्या कार्यालयात कोणाच्या तरी ध्यानात आली, आणि हुकूम निघाला की टेकडीवरून आज काय दिसतं, ते लोकांना किती मोलाचं वाटतं, आणि इमारती झाल्यावर काय उरेल, याची आधी पाहणी करा.

पाहणीला आली हर्षा. पुण्याची मुलगी, पंचविशीतली, गळ्यात कॅमेरा, हातात फॉर्मांचा गठ्ठा, आणि बरोबरच्या गाडीत एक भला मोठा नारिंगी फुगा. वरच्या ओळीपर्यंत येता येता तिचा जीव अर्धा झाला होता. माणिकबाईनं तिला आधी पाणी दिलं, मग गूळ दिला, मग चहा ठेवला, आणि मगच विचारलं, "आता बोल पोरी, कोनाची आहेस?"

हर्षानं सगळं समजावून सांगितलं आणि फॉर्म उघडला. "मावशी, इथून तुम्हाला काय काय दिसतं?"

"बुढा दिसते."

"कोण?"

"आमचा बुढा. थ्यो पाय, मोगऱ्यात वाकून राह्यला."

हर्षानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. बऱ्याच वेळानं तिला पांढरं काहीतरी हललेलं दिसलं. "बरं. आणखी काय दिसतं?"

"आनखी काय पायजे?" माणिकबाई म्हणाली. मग मुलगी एवढी चढून आली आहे, तिला रिकाम्या हातानं पाठवू नये म्हणून तिनं शहर दाखवलं, नांदगाव पेठेकडच्या गिरण्यांचा धूर दाखवला, आणि दूरवरची चिखलदऱ्याची निळी रेघ दाखवली. हर्षानं लिहिलं: हरित पट्टा, दूरस्थ डोंगररांग, तुरळक मानवी हालचाल.

"आता शेवटचा प्रश्न. एक ते पाच, यांत या दृश्याला किती नंबर द्याल?"

माणिकबाईला हा प्रश्न जवळजवळ अपमानाचाच वाटला. "एक," ती म्हणाली. "एकच लेह्य. हे काय इचारनं झालं?"

हर्षाची लेखणी क्षणभर थांबली. तेवढ्यात शेजारचे खुशालराव येऊन टेकले. खुशालरावांनी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरी केली होती, आणि निवृत्त झाल्यावरही ते समोरच्या माणसाशी मागच्या सीटवर ऐकू जाईल अशाच आवाजात बोलत. "एक!" ते गरजले. "आमचाबी एक लेह्या! काहून इचारता? डोये हायेत नं तुमाले? दिसून नाही राह्यलं?"

हर्षा दचकली. तिनं मान खाली घातली आणि गुपचूप एक लिहिला.

टेकडी उतरेपर्यंत तिला घरोघरी हेच मिळालं. एक. एक. एक म्हनलं नं. चौसष्ट घरांत फक्त डोमाजीनं दोन सांगितला, कारण त्याच्या खिडकीपुढे त्याच्याच भावानं संडास बांधला होता आणि अर्धं आभाळ झाकलं होतं. आपल्या टेकडीला दोन नंबर दिला म्हणून संध्याकाळी सगळ्यांनी डोमाजीला चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा आठवडाभर पारावर आला नाही.

फुगा मात्र त्याच दुपारी चढला. पडीक जमिनीच्या मध्यावर दोरीला बांधून, सात मजल्यांची उंची येईल इतका सोडला. पोरांनी टाळ्या पिटल्या. कोणाच्या तरी बकरीनं दावं तोडलं. माणिकबाई ओट्यावर उभी राहून पाहत होती, आणि तिच्या लक्षात आलं की फुगा नेमका तिच्या आणि मोगऱ्याच्या वाफ्याच्या मध्ये आला आहे. पांढरा ठिपका फुग्यामागे गेला. ती थांबली. वारा आला, फुगा डावीकडे झुकला, ठिपका दिसला. फुगा परत जागेवर आला, ठिपका गेला.

ती ओट्याच्या अगदी कडेपर्यंत गेली.

"खुशालभाऊ," ती म्हणाली, "फुगा तं हालते. बिल्डिंग थोडीच हालन?"

"तुमी कायले भेता वैनी?" खुशालराव म्हणाले. "अख्ख्या टेकडीनं एक नंबर देल्ला हाय. एक नंबरच्या मालावर कोनी दगडं टाकते का?"

हे तिला पटलं. तिनं लाल लुगडं तारेवर टाकलं आणि भाकरी थापायला आत गेली.

दिवाळीला साधना अकोल्याहून माहेरी आली. ती तिथल्या शाळेत गणित शिकवते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खुशालराव पाहणीच्या अहवालाची नक्कल घेऊन आले. कार्यालयानं ती हरकतींसाठी खुली केली होती. चष्मा सापडत नाही म्हणून त्यांनी कागद साधनाकडे दिले. साधना मनातल्या मनात वाचत गेली, आणि एका पानावर थांबली.

"आई, तुम्ही लोकांनी हे काय केलं?"

"काय केलं?"

साधनानं मोठ्यानं वाचलं. 'रहिवाशांच्या मते दृश्याचे मूल्य अत्यल्प. पाचपैकी सरासरी एक पूर्णांक दोन शतांश. एकूण चौसष्टपैकी केवळ एका रहिवाशास, श्री. डोमाजी यांस, दृश्याविषयी किंचित आस्था असल्याचे आढळले. सबब नियोजित इमारतींमुळे होणारी हानी नगण्य मानावी.'

खुशालरावांनी चष्मा शोधायला पुन्हा खिसे चाचपले.

"पाच म्हणजे सगळ्यात चांगलं असतं, आई," साधना हळूच म्हणाली.

"असं कसं?" माणिकबाईला खरंच कळेना. "कोन्या बजारात?"

त्या रात्री ती नीट जेवली नाही. राग तिला हर्षाचा आला नाही, कंपनीचाही फारसा नाही. आपण आपल्या तोंडानं आपला ओटा उकिरड्यावर टाकला, हे तिच्या जिवाला लागलं होतं. भगवंतानं विचारलं, "काय झालं वं?" तिनं त्याच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. त्यानं पांघरूण ओढून घेतलं आणि म्हणाला, "मंग ढीग दाखव नं त्याइले." एवढं बोलून तो झोपला. भगवंत दिवसाला एखादंच वाक्य बोलतो, पण ते निवडून आणलेलं असतं.

सुनावणी पुढच्या सोमवारी होती. साधनानं हरकतीचा अर्ज लिहिला आणि त्यासाठी आपली रजा दोन दिवस वाढवली. माणिकबाई अर्जाबरोबर वांग्यांची टोपली घेऊन गेली. दारावरच्या शिपायानं टोपली आत न्यायला हरकत घेतली तेव्हा ती म्हणाली, "हा माहा कागद हाय," आणि सरळ आत गेली.

सुनावणी घेणारे साहेब मूर्तिजापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. कंपनीचा माणूस कडक इस्त्रीच्या शर्टात आला होता. कोपऱ्यात हर्षा आपले कागद घेऊन बसली होती. साधनानं सगळं व्यवस्थित मांडलं. कंपनीचा माणूस हसला. "साहेब, निकाल विरुद्ध गेला म्हणून आता आकड्यांचा अर्थ उलटा लावतायत. एक म्हणजे सगळ्यात कमी, हे लहान मुलालाही कळतं."

माणिकबाई उठली. साहेबांच्या टेबलावरचे कागद तिनं एका हातानं बाजूला सारले आणि टोपलीतली वांगी काढून तीन ढीग लावले. पहिला जांभळा, तुकतुकीत, देठं हिरवीगार. दुसरा जरा वाकडातिकडा. तिसरा किडका, भोकं पडलेला.

"साहेब, याच्यातला एक नंबरचा ढीग कोन्ता?"

साहेबांचा हात विचार करायच्या आधीच तुकतुकीत वांग्यांकडे गेला.

"आता तुमी सांगा बापा," ती कंपनीच्या माणसाला म्हणाली. तो घुटमळला. खोलीतले सगळे त्याच्याकडे पाहत होते, शिपाईसुद्धा. त्यानं बोट दाखवलं ते त्याच ढिगाकडे.

"आमी सारे माली लोक," माणिकबाई म्हणाली. "आमच्या घरात पाच नंबर उकिरड्यावर जाते. आमी एक म्हनलं ते जीव लावून म्हनलं साहेब. हे पोरगी पुन्याची, तिले कसं समजन?"

साहेब हसू लपवत होते. कंपनीचा माणूस म्हणाला, "पण फॉर्म स्पष्ट होता." तेव्हा हर्षा उभी राहिली. तिनं गप्प राहायचं ठरवलं असतं तर कोणी तिला बोल लावला नसता. कंपनीनंच तिच्या संस्थेला काम दिलं होतं.

"फॉर्म स्पष्ट नव्हता, सर," ती म्हणाली. "पाच म्हणजे उत्कृष्ट, हे त्यावर छापलंच नव्हतं. मी तोंडीही सांगितलं नाही. सगळे इतकं जोरात एक म्हणत होते, मला वाटलं इमारतींचा राग काढतायत. चूक माझी आहे."

"राग?" मागून खुशालराव म्हणाले, आणि खिडकीवरची दोन कबुतरं उडाली. "आमी तं प्रेमानं बोलून राह्यलो होतो!"

साहेबांना आता हसू आवरेना. ते म्हणाले, नंबर पुन्हा घ्यायचे, आणि या वेळी ते स्वतः जागेवर येणार. वांगी माणिकबाईनं टेबलावरच ठेवली, किडकी सोडून.

मंगळवारी सकाळी साडेदहाला साहेब, कंपनीचा माणूस आणि हर्षा घामाघूम होऊन ओट्यावर पोचले. साहेबांनी घाम पुसत चारी बाजूंना पाहिलं. मग म्हणाले, "आजी, डोंगर दिसतात, शहर दिसतं, छान आहे. पण इमारत झाल्यावरही बाजूनं थोडं दिसेलच. तुमचं नेमकं काय जाईल?"

माणिकबाई आत गेली. पांढरं धोतर घेऊन आली, झटकलं, आणि पूर्ण उघडून तारेवर टाकलं.

"पाहा," ती म्हणाली.

खाली वाफ्यातला पांढरा ठिपका थांबला. सरळ झाला. मग परत वाकला, आणि त्या ओळीतून या ओळीत, या ओळीतून त्या ओळीत फिरू लागला.

"काय करतायत ते?" हर्षानं विचारलं.

"भाजी तोडून राह्यला. तुमी जास्त जन हाय, हे त्याले समजलं."

मग ठिपका बांधावर आला आणि चढणीला लागला. चहा झाला. ठिपक्याला हात आले, पाय आले, डोक्यावर गाठोडं आलं. वीस मिनिटांनी भगवंत ओट्यावर उभा होता. त्यानं गाठोडं सोडलं. वांगी, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, सांबाराची मोठी जुडी. त्यानं पाहुण्यांकडे नजर टाकली आणि बायकोला विचारलं, "किती जन हायेत? भरीत पुरन का?"

साहेबांनी टोपी काढली असती, पण ती घातलेली नव्हती. त्यांनी भगवंताला नमस्कार केला. कंपनीच्या माणसानंही केला. त्याला भूक लागली होती हेही खरं. निकालाचं पत्र पुढे महिन्याभरानं आलं. वरच्या ओळीपुढचा पट्टा मोकळा ठेवायचा, इमारती रस्त्याच्या बाजूला सरकवायच्या आणि चार मजल्यांवर थांबवायच्या, असं त्यात लिहिलं होतं. पण मोरटेकडीवर लोक आठवण काढतात ती पत्राची नाही, त्या मंगळवारच्या भरताची.

पानं मांडायच्या आधी हर्षानं नवा फॉर्म काढला. या वेळी त्यावर ठळक छापलं होतं: पाच म्हणजे सर्वांत उत्तम. तिनं ते दोनदा वाचून दाखवलं, बोटानं दाखवलं, आणि विचारलं, "मावशी, आता सांगा. एक ते पाच?"

माणिकबाई ओट्याच्या कडेशी गेली. खाली पाहिलं, इकडून तिकडे, अगदी माल निवडताना पाहते तसं.

"चार," ती म्हणाली.

"वैनी!" खुशालराव ओरडले. "आता काय झालं? पाच म्हना, पाच!"

"खोटं कसं बोलू?" माणिकबाई म्हणाली. भगवंत तिच्यामागे पाय धूत होता. त्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. "तुमीच पाहा नं. बुढा इथी हाय. वावर रिकामं हाय."

हर्षानं लेखणी खाली ठेवली. तिनं चार लिहिला नाही आणि पाचही लिहिला नाही. ती जेवली, दुसऱ्यांदा भरीत मागून घेतलं, आणि साहेब उतरून गेले तरी ओट्यावर बसून राहिली. दोनच्या सुमारास भगवंत दुपट्टा बांधून खाली निघाला. उतार संपला, पडीक जमीन संपली, पांढरा ठिपका मोगऱ्यात शिरला आणि वाकला.

"हं," माणिकबाई म्हणाली. "आता लेह्य पाच."